मुंबईची मेट्रो लोकलनेच लांबवली का? कोलकात्याशी एक तुलना

कुर्ला_जंक्शन

कोलकात्यात मेट्रो धावू लागली २४ ऑक्टोबर १९८४ला, एस्प्लनेड ते भवानीपूर. मुंबईत ती आली ८ जून २०१४ला, वर्सोवा ते घाटकोपर. मधली ३० वर्षं कुठे गेली असं विचारलं की लोक राजकारण्यांवर खापर फोडून मोकळे होतात. माझं मत वेगळं आहे. मुंबईची मेट्रो आपल्या लोकलनेच लांबवली.

विजेच्या लोकलमध्ये मुंबई ३२ वर्षं पुढे होती. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला गाडी विजेवर धावली. हावड्याहून शेवडाफुलीला तशी गाडी जायला १९५७ उजाडलं. त्यात मुंबईचा आकार रेल्वेच्या पथ्यावर पडणारा. दक्षिणोत्तर लांबट शहर, त्याच्या अंगाने जाणारे मार्ग, आणि शेवटचं स्टेशन थेट फोर्टच्या तोंडाशी. चर्चगेटला उतरा, चालत ऑफिसात जा. कोलकात्याच्या नशिबी हे नव्हतं. हावडा स्टेशन नदीपलीकडे, सियालदह पूर्वेच्या कडेला. लोकल माणसाला शहराच्या वेशीवर सोडायची. पुढे ऑफिसांचा भाग असलेलं डलहौसी गाठायला ट्राम नाहीतर बस, आणि रस्ते आधीच अपुरे. म्हणून तिथे भुयारी रेल्वे ही निकड ठरली. सोव्हिएत तज्ज्ञांना बोलावून १९७१ला आराखडा झाला, १९७२च्या डिसेंबरात इंदिरा गांधींनी पायाभरणी केली.

मुंबईत मात्र गर्दी वाढली की ९ डब्यांची गाडी १२ची, १२ची १५ची. दरवेळी निभावलं, म्हणून दरवेळी पुढे ढकललं. सगळ्यात मोठी किंमत पूर्व-पश्चिम प्रवास करणाऱ्यांनी मोजली. घाटकोपरहून अंधेरीला जायचं तर ३४० नंबरच्या बसमध्ये साकीनाक्याला अडकून बसायचं, नाहीतर दादरला उलटा वळसा. लोकलने तो प्रश्न कधी सोडवला नाही, आणि ती धावतेय म्हणून दुसऱ्या कुणीही सोडवला नाही.

रूळ_सांधा

असहमत. शहराच्या आकाराबद्दलचं तुमचं निरीक्षण अचूक आहे, पण निष्कर्ष पटत नाही.

१९६९ला रेल्वेने महानगर वाहतूक प्रकल्पाची कार्यालयं चार शहरांत काढली. कोलकाता, मुंबई, मद्रास, दिल्ली. म्हणजे मुंबई यादीत होतीच. पैसा मिळाला कोलकात्याला, तोही केंद्राचा, रेल्वेमार्फत. आणि त्या पैशाचं काय झालं ते बघा. दमदम ते टॉलीगंज जेमतेम १६ किलोमीटर, पण पूर्ण व्हायला १९९५ उजाडलं. रस्ता वरून उघडा खणून बोगदा बांधायचा आणि पुन्हा बुजवायचा, अशी पद्धत. शहराचा मुख्य रस्ता वर्षानुवर्षं उकरलेला. हे पाहून दुसऱ्या शहराला तसाच पैसा द्यायला दिल्लीतलं कुठलं सरकार सहजी तयार झालं असतं? माझ्या मते मुंबईची मेट्रो लोकलने नाही, कोलकात्याच्या अनुभवाने लांबवली.

कोंडी फोडली दिल्लीने. १९९५ला केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी भागीदारी असलेली स्वतंत्र कंपनी काढली आणि डिसेंबर २००२मध्ये गाडी सुरूही केली. आपण पहिल्या मार्गासाठी खासगी भागीदारी निवडली. पायाभरणी २००६, गाडी २०१४, लांबी ११.४ किलोमीटर. यात लोकलचा काय दोष?

बालीगंजचा_पाहुणा

नोकरीमुळे बरीच वर्षं कोलकात्यात आहे, म्हणून लिहितो. १९८४ हा आकडा मिरवण्यात अर्थ नाही. त्या वर्षानंतर २०२०पर्यंत इथे एकच मार्ग होता, फक्त दोन्ही टोकांना वाढत गेला. सॉल्ट लेकची पूर्व-पश्चिम मेट्रो २०२०च्या फेब्रुवारीत आली. २०१९ला बऊबाजारात बोगदा खणताना भूजलाचा साठा फुटला, जमीन खचली, जुनी घरं कोसळली. हुगळीखालून गाडी धावली मार्च २०२४मध्ये. सियालदह ते एस्प्लनेड हा मधला तुकडा जोडला गेला ऑगस्ट २०२५मध्ये.

पण कुर्ला_जंक्शन यांचा मुद्दा इथे राहून मला जास्त पटतो. आता हावड्याला लोकलमधून उतरलेला माणूस नदीखालून थेट एस्प्लनेडला निघतो, आणि मेट्रोचं किमान भाडं अजून ५ रुपये आहे. रेल्वेने लोकांना जिथे सोडलं होतं, तिथूनच मेट्रोने उचललं. रवींद्र सदन स्टेशनच्या भिंतींवर टागोरांची हस्तलिखितं आहेत. लोक त्या स्टेशनला आपलं मानतात.

ट्रामबद्दल मात्र वाईट वाटतं. मुंबईने १९६४ला ट्राम बंद केली, कोलकात्याने आणखी साठ वर्षं टिकवली, आणि आता सरकार मैदानातला एक छोटा मार्ग सोडून बाकी सगळे बंद करायला निघालंय.

डोंबिवली_फास्ट_महिला_डबा

तुमची सगळ्यांची चर्चा अंधेरी, घाटकोपर आणि फोर्टभोवती फिरते आहे. मुंबईचा कामगार आता राहतो कुठे? कल्याण, बदलापूर, विरार, नालासोपारा. डोंबिवलीला सकाळची फास्ट फलाटाला लागते तेव्हा दारं कल्याणपासूनच भरलेली असतात. एक पाय आत, पर्स पोटाशी धरलेली, मागची बाई पाठीवर रेललेली. जून २०२५मध्ये मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांमधून माणसं खाली पडून मेली. त्यांना कफ परेडपर्यंतच्या भुयारी मेट्रोचा काय उपयोग होता?

लोकलने मेट्रो लांबवली म्हणता, मी म्हणते मेट्रोच्या नादात लोकल मागे पडली. ठाणे-दिवा पाचवा-सहावा मार्ग, म्हणजे जादा रूळ, २०२२ला झाला, तोही किती रखडून. कुर्ला ते सीएसएमटी अजून नाही. आणि मेट्रोचं सगळ्यात कमी तिकीट १० रुपये, लोकलचं ५. महिन्याच्या पासावर घर चालवणाऱ्या बाईला हा फरक कळतो.

कुर्ला_जंक्शन

ताई, तुमचा राग रास्त आहे, पण मुंब्र्याचा अपघात मी माझ्याच बाजूने मोजतो. एकाच मार्गावर एवढी माणसं लोटली, कारण दुसरा मार्ग उभाच केला नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो वीस वर्षांपूर्वी झाली असती तर ठाण्यापर्यंतची गर्दी विभागली गेली असती.

रूळ_सांधा, पैसा कोलकात्याला का मिळाला याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. निकड तिथे दिसत होती म्हणून. इथे ती लोकलच्या दारात लटकत होती, आणि कुणाला दिसली नाही.

डोंबिवली_फास्ट_महिला_डबा

ठाण्याला उतरणारे कमी होतील, मान्य. पण डोंबिवलीहून दादरला जाणारी मेट्रोने का जाईल? वेळ जास्त, भाडं जास्त, वर गाडी बदलायची. तिला फास्ट लोकलच हवी, आणि तिच्यासाठी कुर्ल्यापुढे जादा रूळ हवेत. ती जागा ताब्यात घ्यायचं काम आधी करा. मेट्रोच्या खांबांना जागा मिळते, मग रुळांना का मिळत नाही?