तीन वर्षांपूर्वीचा फ्लॅगशिप म्हणजे भंगार? मला हे अजिबात पटत नाही

रात्रपाळी

काल एक पोस्ट वाचली: "तीन वर्षांपूर्वीचा फ्लॅगशिप म्हणजे भंगार. तेवढ्याच पैशात नवा मिडरेंज येतो, डोळे झाकून तोच घ्या." खाली ओळीने सगळे सहमत. डोळे झाकून फोन घ्यायला सांगणं हा सल्ला झाला का? दोन ओळींत उत्तर मावणार नव्हतं म्हणून सविस्तर लिहितोय.

फ्लॅगशिप म्हणजे कंपनीचा सगळ्यात भारी फोन, मिडरेंज म्हणजे मधल्या किमतीचा. उदाहरण घेऊनच बोलू. जुना फ्लॅगशिप म्हणून सॅमसंगचा गॅलेक्सी एस २३ (फेब्रुवारी २०२३) आणि नवा मिडरेंज म्हणून गॅलेक्सी ए ५६ (मार्च २०२५). कंपनी एकच, सॉफ्टवेअर जवळपास तेच, म्हणजे ब्रँडवरून हाणामारी नको.

नव्याच्या खोक्यावर मोठे आकडे असतात: ५००० एमएएचची बॅटरी, ४५ वॉटचं चार्जिंग, ६.७ इंचाची स्क्रीन. आतून काय काढून घेतलंय ते खोक्यावर कोणी छापत नाही. एस २३ ला ३ एक्स टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स आहे, ए ५६ ला तिसरा कॅमेरा म्हणून ५ मेगापिक्सेलचा मॅक्रो, अगदी जवळून काढायच्या फोटोंसाठीचा. सभागृहात शेवटच्या रांगेत बसून स्टेजवरच्या आपल्या पोराचा फोटो काढून बघा. लेन्स असेल तर चेहरा ओळखू येतो, नुसतं डिजिटल झूम असेल तर डोळ्यांच्या जागी मेणाचा लगदा. ए ५६ ला वायरलेस चार्जिंग नाही. यूएसबी अजून २.०, त्यामुळे लांब व्हिडिओ कॉम्प्युटरवर टाकायला बसलात की बसलातच. एस २३ ला ३.२ आहे, केबलने मॉनिटरला जोडला की डेक्स चालतं, म्हणजे फोन कॉम्प्युटरसारखा वापरता येतो. बोटाचा ठसा ए ५६ मध्ये ऑप्टिकल, अंधाऱ्या खोलीत फोन उघडताना काचेखाली लख्ख उजेड पडतो. एस २३ चा अल्ट्रासॉनिक, त्याला उजेड लागतच नाही.

चिपचं सांगायचं तर ए ५६ च्या एक्सिनॉस १५८० मधला सगळ्यात दमदार कोअर (चिपमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) कॉर्टेक्स ए ७२० आहे. स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ सारख्या फ्लॅगशिप चिपमध्ये हाच कोअर मधल्या फळीत होता. एस २३ च्या स्नॅपड्रॅगन ८ जेन २ मध्ये त्याच्या वरच्या श्रेणीतला एक्स ३ आहे, आणि चिप दोन वर्षांनी जुनी असूनही तो फरक मिटत नाही. शिवाय १६८ ग्रॅमचा, एका हातात मावणारा फोन आता मिडरेंजमध्ये शोधून दाखवा.

सडेतोड

ती कालची पोस्ट माझीच. 'भंगार' शब्द मागे घेत नाही.

तुम्ही लेन्स मोजलीत, तारीख मोजली नाहीत. अपडेटचं घड्याळ फोन बाजारात आला त्या दिवशी सुरू होतं, तुम्ही विकत घेता त्या दिवशी नाही. एस २३ अँड्रॉइड १३ वर आला, चार मोठी अपडेट म्हणजे १७ ला गाडी थांबली. सुरक्षा अपडेटची मुदत फेब्रुवारी २०२८. ए ५६ ला सहा मोठी अपडेट आणि सहा वर्षं सुरक्षा, म्हणजे २०३१. आज घेणाऱ्या माणसासाठी हा तीन वर्षांचा फरक आहे, आणि तो कुठल्याही झूमने भरून निघत नाही.

माझ्या वडिलांकडे असाच एक 'राजेशाही' जुना फोन होता. एके सकाळी बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं, या आवृत्तीवर चालणार नाही. फोन चकाचक, स्क्रीन झकास, कॅमेरा उत्तम, आणि पेन्शन जमा झाली की नाही ते बघता येईना. त्यांना टेलिफोटोचं काय कौतुक?

रात्रपाळी

तुमच्या वडिलांचा फोन कुठल्या सालचा होता ते लिहा ना. पाच-सहा वर्षांपूर्वीचा असेल तर तो माझ्या मुद्द्यात बसतच नाही. मी तीन वर्षांपूर्वीच्याबद्दल बोलतोय.

अपडेटबद्दल: २०३१ पर्यंतचं आश्वासन आहे, मान्य. पण त्या चिपवर सहावं मोठं अपडेट काय वेगाने चालेल याचाही विचार करा. आश्वासनाने फोन पळत नाही.

मधलीओळ

दोघेही 'जुना फ्लॅगशिप' असं मोघम बोलताय, तिथेच गोंधळ आहे. साल बघा. २०२१ चा स्नॅपड्रॅगन ८८८ आणि त्यानंतरचा ८ जेन १, दोन्ही सॅमसंगच्या कारखान्यातले, आणि दोन्ही तापण्यासाठी बदनाम. २०२२ च्या मध्यात स्नॅपड्रॅगनवाल्या क्वालकॉमने जवळपास तीच रचना टीएसएमसी या तैवानच्या चिप कंपनीकडून बनवून घेतली, ८ प्लस जेन १, आणि फोन एकदम थंड झाले. २०२३ चा ८ जेन २ ही टीएसएमसीचाच. म्हणून २०२३ चा फ्लॅगशिप घ्या म्हटलं तर मी हो म्हणेन. २०२१ चा कोणी फुकट दिला तरी उन्हात मॅप लावून गाडी चालवायला तो मी घेणार नाही. दहा मिनिटांत ब्राइटनेस आपोआप खाली, समोरचं वळण दिसत नाही.

तांब्याचीतार

हेडफोनच्या जॅकबद्दल कोणीच बोलणार नाही का? २०१६ साली आयफोन ७ ने काढला, तेव्हा बाकीच्यांनी जाहिरातीत टिंगल केली. २०१९ मध्ये नोट १० वरून सॅमसंगनेही काढला. मग एस २१ वरून मेमरी कार्ड गेलं. आता मिडरेंजमधूनही जॅक गायब. माझे वायरचे हेडफोन अजून ठणठणीत आहेत, आणि मी रोज रात्री कानातली बटणं चार्जिंगला लावायची? चांगली वस्तू काढून घ्यायची आणि तिच्या जागी दुसरी विकायची, हे सगळ्यांनी निमूट मान्य केलं याचा मला मनापासून राग आहे. जुना फ्लॅगशिप घ्यायचाच तर एस १० घ्या. जॅक आहे, कार्ड आहे.

सडेतोड

एस १० ची अपडेट बंद होऊन जमाना झाला. तो घ्यायला कोणाला सांगू नका. जॅकसाठी वेगळा धागा काढा.

तांब्याचीतार

काढला होता. तिथेही तुम्हीच येऊन 'ब्लूटूथ घ्या' सांगून गेलात.

स्क्रूड्रायव्हर

मी दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लेन्स आणि कोअरवर इतकं भांडताय, पण जुना फोन मरतो तो बॅटरीने. तीन वर्षं रोज चार्ज झालेली बॅटरी आणि ३९०० एमएएच. संध्याकाळी पाचला लाल.

कोणी म्हणेल बदलून घ्या. बदलता येते. मागची काच तापवायची, डिंक सुटला की पात्याने हळूहळू उचलायची, केबल सोडवायची, खालची चिकटपट्टी ओढून बॅटरी काढायची. फ्लॅगशिपची पाठ काचेची, घाई केली की कोपऱ्यातून तडकते. आणि एकदा उघडला की आयपी ६८, म्हणजे धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण, विसरायचं. नवा डिंक नीट लावला तरी कारखान्यातल्यासारखी चाचणी बाहेर बहुतेक ठिकाणी होत नाही. लोक बॅटरी बदलतात आणि पूर्वीच्याच भरवशावर फोन बेसिनमध्ये धुतात. मग माझ्याकडे येतात.

रात्रपाळी

बॅटरी बदलावी लागते हे मान्य. पण ती एकदाच बदलायची असते आणि फोन पुन्हा दिवसभर चालतो. बॅटरी संपली म्हणून अख्खा फोन बदलायची सवय आपल्याला लावलीय. २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपलला कबूल करावं लागलं की बॅटरी थकलेले जुने आयफोन ते सॉफ्टवेअरने हळू करत होते. कितीतरी लोकांनी 'फोन जुना झाला' समजून नवा घेतला, आणि त्यांना फक्त नवी बॅटरी हवी होती. पुढे २०१८ मध्ये बॅटरी हेल्थचा आकडा दाखवायला सुरुवात केली, तीही ओरड झाल्यावर.

आणि बॅटरी मरू नये म्हणून मी चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवतो. तीन वर्षं होत आली, फोन अजून दिवस काढतो.

सडेतोड

म्हणजे ३९०० ची बॅटरी घ्यायची आणि त्यातलेही २० टक्के आपण होऊन सोडून द्यायचे. बॅटरी मेल्यावर जे होणार तेच पहिल्या दिवसापासून भोगायचं. तुम्ही फोन वापरता की सांभाळता?

रात्रपाळी

वापरतो म्हणूनच सांभाळतो. लिथियम आयन सेल पूर्ण भरून ठेवला की आतला दाब, म्हणजे व्होल्टेज, वरच्या टोकाला राहतो आणि सेल लवकर म्हातारा होतो. त्यात उष्णता मिळाली की आणखी लवकर. रात्रभर १०० वर, वर जाड कव्हर, उशीखाली फोन, ही बॅटरी मारायची सगळ्यात सोपी पद्धत आहे. यात माझं मत काही नाही, हे सेलचं रसायन आहे.

मधलीओळ

रसायन बरोबर आहे, पण प्रमाण बघा. मी कधीच मर्यादा लावली नाही आणि माझ्या बायकोने कायम लावली. तोच फोन, एकाच दिवशी घेतलेला. आज दोघांचे जवळपास सारखेच चालतात.

रात्रपाळी

दोन फोनांवरून नियम निघत नाही.

मधलीओळ

मग तुमच्या एका फोनावरून कसा निघतो?

स्क्रूड्रायव्हर

भांडू नका. माझ्या टेबलावर येतात त्यात जास्त करून उष्णतेचे बळी असतात. चार्जिंगला लावून गेम खेळणारे, गाडीच्या काचेमागे उन्हात फोन ठेवणारे. ८० लावा किंवा लावू नका, पण चार्ज होताना फोन तापू देऊ नका. ४५ वॉटचंही तेच, वेगापेक्षा तापमान महत्त्वाचं.

युरोपात २० जून २०२५ पासून नियम आलाय: नव्या फोनची बॅटरी ८०० चार्ज झाल्यावरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के राहिली पाहिजे, आणि ते मॉडेल विकणं बंद केल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. हा नियम माझ्यासारख्याला टेलिफोटोपेक्षा मोठा वाटतो. पार्ट मिळत नाही म्हणून चांगले फोन परत पाठवताना जीव तुटतो. लोकांना वाटतं मला जमत नाही.

सडेतोड

म्हणजे नियमाचा फायदा नव्या फोनांना. धन्यवाद, माझाच मुद्दा मांडलात.

स्क्रूड्रायव्हर

तुमचा मुद्दा 'भंगार' होता. मी दुरुस्तीबद्दल बोलतोय. मिडरेंजची स्क्रीन फुटली की लोक फोनच टाकून देतात, हेही रोज बघतो. त्याला काय म्हणायचं?

जुनीपालवी

स्क्रीनचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. मोठ्या हौसेने घेतलेला फ्लॅगशिप होता, कंपनीचं नाव घेत नाही. कधी पडला नाही, पाण्यात गेला नाही. सिस्टीम अपडेट झालं, फोन रीस्टार्ट झाला, आणि वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. काही दिवसांनी शेजारी दुसरी. वॉरंटी संपलेली. सर्व्हिस सेंटरवाल्या मुलाने बघूनच सांगितलं, स्क्रीन बदलावी लागेल. तिची किंमत ऐकून मी तिथेच ठरवलं, यापुढे मिडरेंज. वॉरंटी चालू असलेला, फुटला तर जीव न जाणारा. तुमचे कोअर आणि लेन्स तुम्हालाच लखलाभ.

रात्रपाळी

हे मात्र वाईट झालं, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. जुन्या फ्लॅगशिपची स्क्रीन गेली की हिशेब बदलतो, एवढं लिहून ठेवा माझ्या नावावर. पण अ‍ॅमोलेड स्क्रीन नव्या मिडरेंजमध्येही आहे, रेघ तिथेही येऊ शकते.

सडेतोड

येऊ शकते, पण वॉरंटीत येईल. जमिनीवर आलात, बरं वाटलं.

तांब्याचीतार

अपडेट संपली तर कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरच्यांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाका. एवढं काय घाबरायचं?

मधलीओळ

सॅमसंगचा बूटलोडर (फोन सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडून रॉम टाकला की नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडतो, खासगी फाइलींचा सिक्युअर फोल्डर बंद. बँकेची अ‍ॅप रुसतात ती वेगळीच. ज्यांच्या वडिलांची पेन्शन वर अडकली होती त्यांना हे सुचवू नका.

पहिलापाऊस

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. एकच विचारायचंय. माझा जुना फ्लॅगशिप अजून छान चालतो, फक्त मागची काच एका कडेने जरा वर आलीय, फटीत नख जातं. कव्हर घातलं की बसते. बॅटरी बदलू की नवा मिडरेंज घेऊ?

स्क्रूड्रायव्हर

आधी फोन बंद करा. आत्ता. बॅटरी फुगलीय. कव्हर काढा, काच दाबून बसवू नका, चार्जरला अजिबात लावू नका. उशीजवळ, कपाटात, बॅगेत ठेवू नका. फरशीवर मोकळ्या जागी ठेवा आणि ज्याला हे काम येतं त्याच्याकडून बॅटरी काढून घ्या. स्वतः टोकदार काही घालून उचकटू नका. फुगलेल्या सेलला भोक पडलं तर पेट घेतो. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही.

सडेतोड

यांचं ऐका. बाकी वाद नंतर.

रात्रपाळी

हो, आधी हे करा. फोन कुठल्या सालचा आहे?

पहिलापाऊस

बंद केला. कव्हर काढल्यावर काच चांगलीच वर आली, भीतीच वाटली. २०२१ चा आहे, ८८८ वाला.

रात्रपाळी

मग यात नवी बॅटरी टाकायचा खर्च करू नका. डेटा काढण्यापुरती दुरुस्ती करून घ्या. चिप तापणारी, अपडेटची मुदतही संपत आली किंवा संपली. तुमच्यासाठी नवा मिडरेंज ठीक आहे. लांबचे फोटो काढत असाल तर मात्र २०२३ चा किंवा त्यानंतरचा फ्लॅगशिप बघा, आणि घेण्याआधी बॅटरी व स्क्रीन तपासून घ्या.

सडेतोड

नवा मिडरेंज ठीक आहे, हे तुमच्याच हातून लिहिलं गेलं. पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर धागा इतका लांबला नसता.

रात्रपाळी

पहिल्या पोस्टमध्ये साल लिहिलंय. वर जाऊन वाचा.