अंगभूत क्लास रूबीतच लिहावेत का?

रत्नागिरीकर : आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात होमस्टेच्या आणि हापूसच्या पेट्यांच्या बुकिंगचं सगळं काम रूबी या प्रोग्रामिंग भाषेत चालतं. कॉलेजातून आलेली मुलं रूबी पटकन उचलतात, पण ॲरे (म्हणजे यादी) आतून कसा चालतो म्हणून रूबीचा सोर्स उघडला की समोर सी ही दुसरी भाषा. तिथेच गाडी अडते. माझं ठाम मत, अंगभूत क्लास, म्हणजे ॲरेसारखे भाषेसोबतच येणारे प्रकार, होता होईल तेवढे रूबीतच लिहावेत. डिसेंबर २०२३ च्या रूबी ३.३ मध्ये इंटिजरचं (पूर्णांकाचं) टाइम्स, म्हणजे एखादं काम तितक्या वेळा करवणारी मेथड, रूबीत आलं, ते वाचा. शून्यापासून मोजणी, व्हाइल लूप, प्रत्येक फेरीला यील्ड (म्हणजे आपण दिलेला ब्लॉक, कोडचा तुकडा, चालवणं), आकडा एकाने पुढे, शेवटी सेल्फ, म्हणजे मूळ संख्याच, परत. यात न कळण्यासारखं काय आहे? ३.४ मध्ये ॲरेच्या एकेका घटकावर फिरणारे ईच, मॅप, सिलेक्टही याच वाटेने गेले.

वेंगुर्लेकर : दादा, ३.४ चं अर्धंच सांगितलंत. ते रूबीतलं ईच फक्त वायजिट (रूबीचा जिट, म्हणजे कोड चालतानाच त्याचा मशीन कोड काढणारा कंपायलर) चालू असेल तर लागू होतं. नाहीतर सीचंच चालतं, कारण जिटशिवायच्या साध्या इंटरप्रिटरवर रूबीतलं हळू पडतं. म्हणजे एका मेथडच्या दोन आवृत्त्या सांभाळायच्या. व्हीएटचंही बघा. जावास्क्रिप्ट भाषा चालवणाऱ्या त्या इंजिनात सॉर्ट जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं होतं. २०१८ मध्ये ते टॉर्क नावाच्या खास वेगळ्या भाषेत नेलं. ज्यांनी हा प्रयोग वर्षानुवर्षं केला, तेच मागे फिरले.

दापोलीची : वेंगुर्लेकर, व्हीएटचं खरं आहे, पण रूबीचं दुखणं निराळं आहे. ईच सीमध्ये असतं तेव्हा ब्लॉक मात्र आपला, रूबीतला. दर फेरीला सीमधून रूबीत जायचं आणि परत सीमध्ये यायचं. जिटला सीच्या आतलं काही दिसत नाही, त्यामुळे लूप आणि ब्लॉक एकत्र करून मशीन कोड काढता येत नाही. दोन्ही रूबीत आले की ब्लॉक थेट लूपमध्ये बसवता येतो. सी म्हणजे वेगवान हे आपण इतकं घोकलंय की हा सीमा ओलांडण्याचा खर्च कुणी मोजतच नाही. वायजिट बंद ठेवून रूबीतल्या ईचला हळू म्हणणं मला पटत नाही.

मालवणी_गडी : ताई, तुमचां म्हणणां बरोबर आसा, पण वेगापेक्षा मला भीती आहे ती थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोग्रामात शेजारी चालणाऱ्या कामांची. लांबी तपासली आणि घटक उचलला, या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडने ॲरे छोटा केला तर? सीमध्ये ही फट आपोआप बुजलेली असते. रूबीत लिहिताना ती मुद्दाम बुजवावी लागते.

रत्नागिरीकर : बुजवावी लागते, आणि बुजवलीही आहे. घटक उचलण्याची ती पायरी तेवढी सीमध्ये ठेवली, बाकी लूप रूबीत. माझं म्हणणंच हे आहे. रुबिनियस या रूबीच्या वेगळ्या अवताराने तर कोअर लायब्ररीचा (अंगभूत क्लासांचा) मोठा भाग रूबीत लिहून दाखवला आणि त्यातला बराच कोड पुढे ट्रफलरूबी या दुसऱ्या अवताराने घेतला.

वेंगुर्लेकर : ब्लॉक घेणाऱ्या मेथडपुरतं मान्य. पण स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराच्या क्लासला, हात लावू नका. एन्कोडिंग तपासणं, बाइट हलवणं यात ब्लॉकही नाही आणि सीमा ओलांडणंही नाही. तिथे रूबीत लिहून जिटच्या हाती काय लागणार?

दापोलीची : स्ट्रिंगबाबत सहमत. हॅशच्या (नाव-किंमत जोड्यांच्या क्लासच्या) ईचबद्दल मात्र मी भांडणार.