सोनोरन वाळवंटातील तांब्याची घुंगरे: तिथलीच की बाहेरची?

मृगजळ: दक्षिण ॲरिझोनातील होहोकाम या प्राचीन मूलनिवासी लोकांनी हीला आणि सॉल्ट नद्यांवरून लांबच लांब कालवे काढून वाळवंटात मक्याची शेती केली. स्नेकटाउनसारख्या त्यांच्या वसाहतींच्या उत्खननात तांब्याची लहान घुंगरे मिळाली आहेत. आज अमेरिकेतील बहुतांश तांबे ॲरिझोनातूनच निघते. मग ही घुंगरे त्यांनीच ओतली, असे का मानले जात नाही?

जुनी मूस: जिथे तांबे गाळतात तिथे धातुमळी, फुटक्या मुशी, भट्टीची भाजलेली माती असा पसारा मागे राहतो आणि होहोकाम वसाहतींत तो आढळलेला नाही. दागिना शेकडो मैल हिंडतो, मळी मात्र सहसा कोणी उचलून नेत नाही. त्या प्रदेशातील लोकांना हिरवे मॅलाकाइट आणि निळे अझुराइट ही तांब्याची खनिजे ठाऊक होती, पण त्यांचा वापर रंगासाठी होई. पश्चिम मेक्सिकोत मात्र इ.स. सातव्या शतकाच्या सुमारास धातुकाम रुजले आणि तिथल्या कारागिरांनी घुंगरांवर विशेष मेहनत घेतली.

आडवाट: यातील काही घुंगरांवर तारेचे वेढे घातल्यासारखे दिसतात, पण ती तार नव्हे. माती-कोळशाच्या गाभ्यात खडा ठेवून त्याभोवती मेणाचे बारीक धागे गुंडाळत, वर मातीचा लेप देत, आणि तापवून मेण निथळले की त्या पोकळीत तांब्याचा रस ओतत. नंतर खालच्या फटीतून गाभा कोरून काढला की खडा आत खुळखुळत राही. आपल्याकडे ‘मानसोल्लास’ या ग्रंथात वर्णिलेली मेणाच्या साच्याची ओतीव पद्धत तत्त्वतः हीच आहे, अर्थात दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

मृगजळ: मग उत्तर मेक्सिकोतील चिवावा वाळवंटातल्या पाकिमे या प्राचीन वसाहतीचे काय? तिथे तांब्याच्या शेकडो वस्तू मिळाल्या आहेत.

जुनी मूस: १९५८ ते १९६१ या काळात तिथे उत्खनन करणाऱ्या चार्ल्स डी पेसो यांच्या मते त्यातल्या बऱ्याच वस्तू तिथेच घडल्या होत्या, परंतु नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली आणि ती मला पटते. त्याच पाकिमेत मकाव पोपटांच्या पैदाशीसाठी बांधलेले पिंजरे ओळीने सापडले आहेत. पक्षी पाळल्याचा पुरावा इतका ठसठशीत असताना तांबे गाळल्याचा तसा मिळत नाही, हा फरक मला बोलका वाटतो.