शब्दचर्चा : मार्केट्री, शिक्का आणि ‘च्या नावावर’

प्रश्न : १८व्या शतकातल्या फ्रेंच फर्निचरवरच्या मजकुराचं मराठी करतेय. ‘मार्केट्री’ला जडावकाम चालेल का? आणि कपाट अमुक कारागिराचं ‘असावं’ हे कसं लिहायचं?

प्रतिसाद : जडावकाम नको. त्यात भरीव लाकडात खाच कोरून तुकडा बसवतात. मार्केट्रीत रंगीत लाकडांचे विनियर, म्हणजे पातळ पापुद्रे, एकमेकांत बसतील असे कापून अख्खं चित्र जुळवतात, मग ते सांगाड्यावर चिकटवतात. पॅरिसचा फर्निचर-कारागीर आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) पितळी पत्रा आणि कासवाचं कवच एकावर एक ठेवून एकदमच कापायचा. त्यामुळे एकाच नक्षीचे दोन जोड निघायचे, एकात कवचावर पितळ, दुसऱ्यात पितळावर कवच. मी ‘मार्केट्री’च ठेवीन. ‘कमोड’ मात्र तसाच ठेवू नका, आपल्याकडे अर्थच बदलतो. ‘खणांचं ठेंगणं कपाट’ लिहा.

प्रतिसाद : दुसऱ्या प्रश्नाला अभंगांची भाषा उपयोगी पडेल. ‘नामा’ ही नाममुद्रा असली तरी अभंग संत नामदेवांचाच असं होत नाही, विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचेही अभंग त्यांच्या गाथेत मिसळलेत. म्हणून आपण ‘नामदेवांच्या नावावरचे अभंग’ म्हणतो. इथेही तेच करा. पुरावा पक्का असेल तर ‘बूलकृत’, नाहीतर ‘बूलच्या नावावरचं’.

पॅरिसच्या कारागीर-संघाने नावाचा शिक्का सक्तीचा केला तो १८व्या शतकाच्या मध्याला. बूल त्याआधीचा, त्यामुळे त्याचा शिक्का कुठेच सापडत नाही. त्याचं काम ओळखायचं ते जुनी बिलं, याद्या आणि नक्षीच्या छापील चित्रांवरून. व्हर्सायच्या ग्राँ त्रियानों या राजवाड्यासाठी १७०८-०९मध्ये दिलेली दोन कपाटं त्याचीच, कारण तसे कागद आहेत. आणि शिक्का असला तरी सावध राहा, दुरुस्ती करणारेही आपला शिक्का मारत. ‘बीव्हीआरबी’ या शिक्क्यामागचा माणूस तर १९५७पर्यंत कोणाला ठाऊकच नव्हता. मग बर्नार व्हान रिसाम्बुर्ग हे नाव निघालं. तोवर इतकी देखणी कामं नुसत्या चार अक्षरांच्या नावावर होती, याची मला फार हळहळ वाटते.

प्रश्नकर्ती : मग फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या मेजावर रिझनेर या कारागिराची सही आहे, तर ‘रिझनेरकृत’ लिहू ना?

प्रतिसाद : नाही. ते मेज १७६०मध्ये ओबेन या दुसऱ्या कारागिराने हाती घेतलं. तो १७६३मध्ये वारला आणि रिझनेरने १७६९मध्ये पुरं केलं. ‘ओबेन-रिझनेरकृत, सही रिझनेरची’ असं लिहा.