छातीत आतडं बसवलेल्या भावजींचं जेवण खाली उतरेना

यंत्रमागवाली (इचलकरंजी): आमचे मोठे दीर लहानपणी सरबत समजून संडास साफ करायचं ॲसिड प्यायले. अन्ननलिका आक्रसली. बरेच दिवस पोटातल्या नळीवर काढले, मग १९९६ला मोठ्या आतड्याचा तुकडा छातीच्या हाडामागून वर आणून गळ्याशी जोडला. इतकी वर्षं भाकरी-आमटी, मटण, सगळं चालायचं. हल्ली जेवताना गळ्याखाली डावीकडे फुगा येतो. हाताने दाबला की गुडगुड करत खाली जातो. एक हात ताटात, एक गळ्यावर, असं जेवण. रात्री आडवं झालं की ठसका, आणि तोंडात दुपारचं वरण. इथं ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्यात. पुढं काय करावं?

विट्याचा पाटील: माझं तर अन्ननलिकेच्या जागी जठरच वर ओढलंय. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. मला फरक पडला.

जुना टाका (निवृत्त सर्जन): विटा लावाच, पण तेवढ्यावर थांबू नका वहिनी. वर आणलेलं आतडं अन्न फारसं ढकलत नाही, घास बहुतेक स्वतःच्या वजनानेच उतरतो. वर्षानुवर्षांत ते लांबतं, सैल पडतं, वळणात अन्न साचतं. किंवा गळ्याचा जोड अरुंद झाला असेल. बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं औषध) पाजून एक्स-रे काढला की कुठं अडतंय ते दिसेल. जोड अरुंद असेल तर दुर्बिणीतून फुग्याने रुंद करतात. आतडं लोंबत असेल तर जादा भाग काढावा लागू शकतो, पण तो आतड्याला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी सांभाळून. ते काम रोज करणाऱ्याकडेच जा. दुर्बीण घालतील तेव्हा आतडंही नीट बघायला सांगा. छातीत नेलं तरी ते आतडंच, त्यात पॉलिप (आतल्या अस्तरावरची गाठ) होतो, क्वचित कॅन्सरही.

आणि जळलेली अन्ननलिका काढली होती की आतच ठेवली? दोन्ही टोकं शिवून ठेवली असेल तर कधीकधी तिच्यात चिकट स्राव साठून फुगते, श्वासनलिकेवर दाब येतो. शिवाय अशा जळलेल्या अन्ननलिकेत कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त. जुने कागद काढा.

यंत्रमागवाली: कागद २०१९च्या पुरात गेले. भावजी म्हणतात, "दाबलं की जातंय की, कशाला पोटं फाडत बसायची?"

जुना टाका: सीटी स्कॅनमध्ये जुनी अन्ननलिका आत आहे की नाही ते कळेल. भावजींना म्हणावं, पोट राहू दे, आधी फुप्फुसं सांभाळा. रात्रीचा ठसका म्हणजे अन्न श्वासनलिकेत जातंय, त्यातून न्यूमोनिया होतो. आणखी एक. उद्या हृदयाचं बायपास करायची वेळ आली, तर हाडामागे आतडं आहे हे त्या सर्जनला आधी सांगा. छातीचं हाड कापताना करवत थेट त्यावरच जाईल.

यंत्रमागवाली: सोमवारी बेरियमला नेते. बायपासचं ऐकून भावजी गप्प बसलेत.