हार्डवेअरला कायमची नावं कर्नलनेच द्यायला हवीत

कमांडलाइन:
लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हार्डवेअर ओळखतो ते अगदी चोख. पीसीआय कार्डात उत्पादकाचा आणि उपकरणाचा असे १६-१६ बिटांचे दोन क्रमांक असतात. ही कार्डं दाखवणारी 'एलएसपीसीआय -एनएन' ही कमांड चालवून बघा, ८०८६:१५३३ असं काही दिसेल. ८०८६ म्हणजे इंटेल, १५३३ म्हणजे आय२१० नेटवर्क कार्ड. ही जोडी आयजीबी या ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत असते, म्हणून तोच लोड होतो.

मग नाव देताना असा हलगर्जीपणा का? डिस्क सापडतील त्या क्रमाने त्यांची नावं एसडीए, एसडीबी. शोध समांतर चालतो, त्यामुळे पुढच्या बूटला हाच क्रम राहील याची हमी नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये कुणी /डेव्ह/एसडीबी (/डेव्ह म्हणजे उपकरणांच्या नोंदींचं फोल्डर) लिहून ठेवलं आणि त्या दिवशी एसडीबी भलतीच डिस्क निघाली, तर डेटा गेलाच. एवढी माहिती हाताशी असताना कर्नलने स्वतःच कायमचं नाव द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

रात्रपाळी:
साफ असहमत. हा प्रयोग होऊन गेला आहे. २.४ कर्नलमध्ये /डेव्ह भरणारी डेव्हएफएस ही फाइलसिस्टिम होती, नावं कर्नलच ठरवायचा. नाव बदलायचं तर धोरण कर्नलमध्ये अडकलेलं. २००३ मध्ये कर्नलबाहेरून नावं देणारं यूडेव्ह आलं आणि पुढे डेव्हएफएस काढूनच टाकली. कर्नलने सिसएफएसमधून (हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममधून) सिरियल नंबर, मॉडेल, पोर्ट सगळं उघड करावं. नाव काय ठेवायचं ते यूजरस्पेसने, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमनी बघावं. तुम्हाला हवी ती, सिरियल नंबरवरून बनलेली कायमची नावं /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मध्ये आजही आहेत. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा स्वतःचा क्रमांक लिहा, प्रश्न मिटला.

कमांडलाइन:
मिटला कुठे? २००९ मध्ये डेव्हटीएमपीएफएस आली आणि /डेव्ह मधल्या नोंदी पुन्हा कर्नलच करू लागला. म्हणजे कर्नल आणि यूजरस्पेसमधली रेषा काही दगडावरची नाही. शिवाय एरर येते तेव्हा डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये 'एसडीसी' एवढंच येतं. रॅकमधल्या बारा डिस्कांतली कोणती ओढायची, हे त्या क्षणी मला लॉगनेच सांगायला हवं.

पॅचकेबल:
लॉगचा मुद्दा मान्य. पण 'कायमचं नाव' कशाला बांधायचं ते आधी ठरवा. नेटवर्कचंच बघा. पूर्वी यूडेव्ह मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या हार्डवेअर क्रमांकावरून) ईटीएच० असं नाव नेमून द्यायचं. कर्नलही त्याच ईटीएच मालिकेतून नावं वाटत असल्यामुळे दोघांची टक्कर व्हायची. व्हर्च्युअल मशीन क्लोन केलं की मॅक बदलायचा, कार्ड थेट ईटीएच१ व्हायचं आणि नेटवर्क बंद. म्हणून २०१३ मध्ये सिस्टमडी या सिस्टिम सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या १९७ व्या आवृत्तीने जागेवरून नावं आणली: ईएनपी३एस० म्हणजे बस ३, स्लॉट ०. कार्ड जळलं, त्याच जागी दुसरं बसवलं, तर कॉन्फिगला हात लावावा लागत नाही. सर्व्हरवर मला हेच हवं. डिस्कच्या बाबतीत मात्र उलट, तिथे जागेपेक्षा आतला डेटा महत्त्वाचा. दोन्हींना पुरेल असा एकच नियम कर्नल कुठून आणणार?

जुनं_टर्मिनल:
ईएनपी३एस० लाही 'कायमचं' म्हणू नका. पीसीआयवरच बसणारी एक एनव्हीएमई डिस्क वाढवली की बसचे क्रमांक सरकू शकतात आणि तेच कार्ड ईएनपी४एस० होतं. हातही न लावलेलं कार्ड नाव बदलून बसतं, आणि दूरच्या सर्व्हरवर हे झालं की आत शिरायची वाटच बंद. एकच कार्ड असेल तर बूटच्या वेळी कर्नलला नेट.आयएफनेम्स=० हा पर्याय देऊन ईटीएच० ठेवणं जास्त भरवशाचं. जास्त असतील तर सिस्टमडीच्या .लिंक फाइलमध्ये मॅक देऊन 'लॅन', 'वॅन' अशी आपली नावं ठेवा. फक्त ईटीएच मालिकेतलं नाव घेऊ नका, आणि १५ अक्षरांच्या आत बसवा.

कमांडलाइन:
पॅचकेबल, एकच नियम नको, हे पटलं. पण सिरियल नंबर असेल तिथे कर्नलने तो लॉगमध्ये प्रत्येक एररसोबत छापावा, यावर मी ठाम आहे.

रात्रपाळी:
'असेल तिथे' हीच तर अडचण. यूएसबीला सिरियल पोर्ट जोडणारे सीएच३४० अडॅप्टर घ्या, बहुतेकांत सिरियल नंबरच नसतो. दोन लावले की बाय-आयडी मध्ये दोघांचं नाव एकच. तिथे पोर्टवरून, बाय-पाथनेच ओळखावं लागतं. डिस्कपुरता तुमचा मुद्दा मान्य करतो, सगळ्या हार्डवेअरसाठी नाही.