ओळखीची पात्रं, जुन्या काळचा पेहराव : याला 'सोंग' म्हणावं का?

विचारणा (परभणी)

आमच्या शाळेच्या हस्तलिखितासाठी आठवीतल्या मुली एक चित्रमालिका काढत आहेत. टीव्हीवर रोज दिसणारी कार्टूनमधली पात्रं त्यांनी उचलली आणि थेट यादवांच्या देवगिरीवर नेऊन ठेवली. स्वभाव तेच, भांडणं तीच, एकमेकांना चिडवायची पद्धतही तीच. बदलला तो पेहराव आणि काळ. मुली याला 'ए.यू.' म्हणतात, म्हणजे मूळ गोष्टीहून निराळं जग. इंटरनेटवर अशा मालिका ढिगानं आहेत म्हणे. मला मराठी शब्द हवा आहे. एकीनं 'वेषांतर' सुचवलं, दुसरीनं 'ऐतिहासिक अवतार'. दोन्ही मनाला पटत नाहीत. जाणकारांनी सांगावं.

लातूरहून

ताई, 'वेषांतर' नकोच. वेषांतर करतात ते ओळख लपवायला. आपल्याकडच्याच कथा बघा. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरणारा कृष्ण, दौलताबादला जनार्दनस्वामींकडे असताना नाथांसमोर मलंगाच्या रूपात आलेले दत्त, दामाजीपंतांसाठी बिदरच्या दरबारात रक्कम भरून येणारा विठू महार. ही सगळी वेषांतरं. श्रीखंड्या कोण होता हे कळलं तेव्हा तो घरातून निघून गेलेला होता, आणि कथेतली सगळी हुरहूर त्यातच आहे.

तुमच्या मुलींच्या मालिकेत उलटं आहे. वाचक पहिल्याच चित्रात पात्राला ओळखतो, आणि ओळखतो म्हणूनच त्याला मजा येते. त्यासाठी आपल्याकडे शब्द आहे, 'सोंग'. मूळ संस्कृत 'स्वांग'. नाथांच्या भारुडांचं सोंगी भारूड होतं तेव्हा लुगडं नेसून जोगवा मागायला उभा राहिलेला माणूस आपल्याच गल्लीतला आहे हे लहान लेकरालाही ठाऊक असतं. त्याची चाल ओळखीची, आवाज ओळखीचा, आणि तरी तो आराधीण होतो. दारात येणारा रायरंदही तसाच (इतरत्र त्याला बहुरूपी म्हणतात). पोलिसाचा ड्रेस चढवून खोटं वारंट काढतो, पण त्याला खरा पोलीस समजून कुणी पळून जावं अशी त्याची इच्छा नसते.

नांदेडहून

दादा, म्हणणं बरोबर आहे, पण आमच्याकडं 'सोंग' ही जवळजवळ शिवी आहे. "काय सोंगं करायलास रे?" असं माय ओरडते. झोपेचं सोंग, आजाराचं सोंग. मुलींच्या मेहनतीला हे नाव देणं मला जड जातं.

लातूरहून

शंका रास्त आहे. सोंगाच्या आधी काय येतं ते मात्र बघा. झोपेचं, आजाराचं, गरिबीचं सोंग म्हणजे ढोंग, कारण तिथं नसलेली अवस्था खरी म्हणून खपवायची असते. रावणाचं, मारुतीचं, म्हातारीचं सोंग ही कला आहे, कारण तिथं एखादं पात्र उभं करायचं असतं. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही' या म्हणीत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसलेत. क्रियापदाचाही फरक पडतो. 'सोंगं करतो' म्हटलं की रागवणं. 'सोंग वठलं' म्हटलं की शाबासकी, आणि ती सहजासहजी मिळत नाही.

छत्रपती संभाजीनगरहून

'सोंग' मला आवडला, पण त्यात एक उणीव राहते. सोंग घेणाऱ्याला आपण सोंग घेतलंय हे माहीत असतं. मुलींच्या मालिकेतल्या पात्रांना ते माहीत नाही. त्यांच्या लेखी ती देवगिरीतच जन्मली, वाढली. वाचकाला सोंग आणि पात्राला जन्म, असा हा दुहेरी प्रकार आहे.

याचा फार जुना नमुना आपल्या जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवलंय. जातक म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मीची गोष्ट. पाली परंपरेत ५४७ जातकं आहेत, आणि बहुतेक ठिकाणी तीच माणसं नव्या काळात, नव्या वेषात येतात. कधी राजा, कधी व्यापारी, कधी माकड किंवा हत्ती. गोष्ट संपली की बुद्ध सांगतात, तेव्हाचा अमका तो आताचा तमका. विश्वंतर म्हणजे स्वतः बुद्ध, त्याची राणी मद्दी म्हणजे राहुलमाता, मुलगा जाली म्हणजे राहुल, आणि मुलं मागून नेणारा जूजक म्हणजे देवदत्त, बुद्धांचा विरोधक. या शेवटच्या जुळणीला पालीत 'समोधान' असा खास शब्द आहे. ऐकणारे भिक्खू देवदत्ताला ओळखत होते, म्हणूनच जूजकाचा उलगडा त्यांना भिडत असणार. पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी या प्राचीन गोष्टीतल्या माणसांना दागिने आणि वस्त्रं दिली ती आपल्याच काळातली, वाकाटकांच्या राजवटीतली. म्हणजे त्यांनी उलट्या दिशेनं तेच केलं.

म्हणून मालिकेला 'सोंगं' म्हणा, पण शेवटच्या पानावर समोधान द्या.

बीडहून

'अवतार' का नको, तेही सांगतो. अवतार कार्यासाठी होतो, कुणाला तरी तारायला किंवा मारायला. शिवाय "हा काय अवतार करून आलास?" म्हटलं की विस्कटलेले केस डोळ्यांपुढं येतात.

आता थोडं काळाबद्दल. पेहराव बदलला की बाकीचंही सांभाळावं लागतं, नाहीतर कालविपर्यास होतो. यादवांचा किल्ला दाखवताय तर 'देवगिरी'च म्हणा. 'दौलताबाद' हे नाव तुघलकाच्या वेळचं, त्यानं १३२७ मध्ये राजधानी इथं आणली तेव्हाचं. हिमरूची शेरवानीही नको, हिमरूचं विणकामही तुघलकाबरोबर इथं आलं असं मानतात. पोर्तुगीज भारतात आले १४९८ मध्ये, आणि मिरची त्यांच्या जहाजांतून आली. तेव्हा देवगिरीच्या ताटात ठेचा नाही. ज्वारीची भाकरी चालेल, तिखटाला मिरे आहेतच.

विचारणारी (परभणी)

सगळ्यांची आभारी आहे. मुलींना वाचून दाखवलं. 'देवगिरीची सोंगं' म्हणावं असं एकीचं मत होतं, पण लातूरच्या दादांच्या नियमानं त्याचा अर्थ देवगिरीचंच ढोंग असा निघेल अशी शंका दुसरीनं काढली. म्हणून 'देवगिरीवरची सोंगं' ठरलं. समोधानाचं पान शेवटी जोडणार आहेत. ठेच्याचं चित्र मात्र रंगवून झालंय. ते काढायला कुणी तयार नाही, त्यावर अजून वाद चालू आहे.